वाचकांचे प्रश्न : आभासी जगातली पायवाट

आभासी जगांत हिंडणे आणि तिथे कलाकृती घडवणे या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. जवळजवळ सर्व पत्रांचा रोख ‘सेकंड लाइफ’ या जगाकडे आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने ते जून २००३मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि ते आजही चालू आहे. या जगात आपण एका अवताराच्या, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या आकृतीच्या रूपाने वावरतो. डोळ्यांना दिसणारे जवळपास सारे काही, म्हणजे घरे, झाडे, कपडे, यंत्रे, कंपनीने नव्हे तर तिथे वावरणाऱ्या लोकांनीच तयार केलेले असते, आणि कलेच्या दृष्टीने या जगाचे महत्त्व मुख्यतः त्यातच आहे.

प्रश्न : शाळेत चाळीस वर्षे चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो. परदेशी असलेल्या मुलीने मला सेकंड लाइफमध्ये खाते उघडून दिले. तिथली दोन-तीन कलादालने पाहिली. भिंतीवर चित्रे टांगलेली आणि समोर बाहुलीसारखी माझी आकृती उभी! छापील पुस्तकातले चित्र पाहण्यापेक्षा यात अधिक काय, ते मला उमगले नाही. याला कला म्हणावे का? आणि पाहायचे झाले तर ते कसे पाहावे?
(एक निवृत्त कलाशिक्षक, मिरज)

आपली शंका रास्त आहे, कारण आपण पाहिलेली दालने बहुधा केवळ चित्रांच्या प्रती टांगण्यासाठी बांधलेली असावीत. या प्रकारातले सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे जर्मनीतील ड्रेस्डेनच्या जुन्या चित्रांच्या संग्रहालयाने २००७मध्ये सेकंड लाइफमध्ये उभारलेली आपली प्रतिकृती. राफाएलच्या सिस्टाइन मॅडोनासह साडेसातशे चित्रे तिथे मूळ दालनांच्या क्रमाने मांडली होती. तिकीट न काढता मध्यरात्रीही त्या दालनांतून फिरता येत असे आणि शिक्षणाच्या दृष्टीने ते काम मोलाचेच होते. तरीही रंगाचा थर, कॅनव्हासचा पोत आणि मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर जाणवणारा त्याचा आकार या तिन्ही गोष्टी तिथे नव्हत्या. आपल्याला जे जाणवले ते हेच.

या जगाची स्वतःची अशी कला भिंतीवर नसते, ती जागेत असते. तिथली जमीन ‘रिजन’ नावाच्या चौरस तुकड्यांत विभागलेली आहे. एका रिजनची बाजू २५६ मीटर, म्हणजे आपल्या मोजणीने क्षेत्रफळ सुमारे सोळा एकर आठ गुंठे. एवढे शेत, त्यावरचे आकाश, त्यातला वारा, उजेड आणि आवाज हे सारे ज्याच्या हाती दिले आहे, तो कलावंत चित्र काढण्याऐवजी एक ठिकाण निर्माण करतो आणि आपण त्या ठिकाणातून चालत जातो. पुढे काय दिसेल, कोणत्या वळणावर दिसेल आणि तोवर कानांवर काय पडत राहील, हे त्याने ठरवलेले असते. आपण आयुष्यभर रचना शिकवली आहे. इथे त्या रचनेत काळाची भर पडते, एवढे लक्षात घेतले की पुढचा विचार आपल्याला अवघड जाणार नाही.

दोन उदाहरणे देतो. चिनी कलावंत त्साओ फेई यांनी ‘चायना ट्रेसी’ या नावाच्या अवतारातून काम केले आणि २००७च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतील व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, ते मांडले. त्यानंतर त्यांनी सेकंड लाइफमध्ये ‘आरएमबी सिटी’ नावाचे एक शहर वसवले, ते २०११पर्यंत चालले. त्या शहरात बीजिंगमधली चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीची वाकडी इमारत क्रेनला लटकत होती आणि आभाळात एक अजस्र पांडा तरंगत होता. भराभर उभ्या राहणाऱ्या शहरांकडे पाहून मनात जी घालमेल होते, तिला तिथे रूप मिळाले होते. पायथ्याशी उभे राहून वर पाहिल्याशिवाय ती लटकणारी इमारत पुरती कळत नसे.

दुसरे उदाहरण आपल्या देशाशी जोडलेले आहे आणि माझ्या मते या माध्यमात झालेल्या सर्वोत्तम कामांपैकी ते एक आहे. जोसेफ डलॅप या अमेरिकी कलावंताने २००८मध्ये गांधीजींची दांडीयात्रा सेकंड लाइफमध्ये पुन्हा चालून दाखवली. न्यूयॉर्कमधील आयबीम या कलासंस्थेत त्याने व्यायामाचा चालपट्टा ठेवला आणि तो संगणकाला अशा रीतीने जोडला, की त्याने प्रत्यक्षात पाऊल टाकले तरच पडद्यावरचा गांधीजींचा अवतार पुढे सरके. मूळ यात्रा १९३० साली १२ मार्चला सुरू झाली आणि ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला गेला. त्याच तारखांना धरून त्याने २४० मैलांचे, म्हणजे सुमारे ३८६ किलोमीटरचे अंतर चालून पूर्ण केले. ज्या जगात एका क्लिकसरशी कुठेही पोहोचता येते, हवेत उडता येते, तिथे एक मनुष्य पाय दुखेपर्यंत चालतो आहे आणि वाटेत भेटणाऱ्या अनोळखी लोकांशी बोलतो आहे, एवढीच ती कृती. मात्र सत्याग्रहात शरीराने सोसण्याला काय अर्थ होता, ते तिच्यातून जसे पोहोचते तसे गांधीजींच्या पुतळ्यांतून क्वचितच पोहोचत असेल. याला कला म्हणावे का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर म्हणजे हे काम.

आता पाहावे कसे, याविषयी. पहिली गोष्ट, उडू नका. उडण्याची सोय मोहक आहे, परंतु वरून पाहिलेली मांडणी म्हणजे नाटकाच्या नेपथ्याचा आराखडा पाहण्यासारखे होते. कलावंताने प्रवेशासाठी ठरवलेल्या जागी उतरा आणि तिथून पायी निघा. दुसरी गोष्ट, पर्यावरणाच्या मेनूतून ‘शेअर्ड एन्व्हायर्नमेंट’ निवडा. ते निवडले नसेल तर कलावंताने संधिप्रकाशात कल्पिलेली जागा आपल्याला भर दुपारच्या उन्हात दिसत राहते. नव्याने आलेल्या अनेकांचा विरस यामुळे होतो आणि त्यांना त्याचे कारणही कळत नाही. तिसरी गोष्ट, आवाज चालू ठेवा. चौथी आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की एरवी आपली नजर अवताराच्या पाठीमागून, त्याच्या डोक्याच्याही थोडी वरून पाहत असते, त्यामुळे आपल्याला बाहुलीची पाठ दिसत राहते. ‘माउसलुक’ नावाची सोय सुरू केली की आपण अवताराच्या डोळ्यांनी पाहू लागतो आणि ती बाहुली नाहीशी होते. आपण पाहिलेल्या त्याच दालनांत एकदा माउसलुक लावून फिरा. चित्रे बदलणार नाहीत, परंतु खोली मात्र खोलीसारखी वाटू लागेल.

आणखी एक सुचवतो. एखादी जागा आवडली तर तिथे दोनदा जा, एकदा एकटे आणि एकदा तिथे माणसे असताना. कोणी शेजारी येऊन उभे राहिले आणि तेही तेच पाहत आहे हे कळले, की पाहण्यात जो फरक पडतो तो पुस्तकात मिळत नाही.

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेकंड लाइफमध्ये पारंपरिक अष्टकोनी आकाशकंदील करायला घेतला आहे, ब्लेंडर या त्रिमितीय आकार करण्याच्या प्रणालीतून न आणता तिथल्याच प्रिमचा. दोन अडचणी आहेत. आठ बाजू एकमेकींना नीट जुळत नाहीत, कडा लुकलुकतात. आणि झिरमिळ्या खाली लोंबण्याऐवजी गवतासारख्या वर उभ्या राहतात. शिवाय आतला दिवा लावला तरी कागद पेटल्यासारखा दिसत नाही.
(एक विद्यार्थिनी, नागपूर)

अडचणी दोन लिहिल्या आहेत, निघाल्या मात्र तीन. तिन्हींवर उपाय आहेत आणि हे काम तुम्ही प्रिममध्ये करायचे ठरवले याचा मला मनापासून आनंद झाला. इतर वाचकांसाठी सांगतो, की प्रिम म्हणजे ठोकळा, दंडगोल, गोल, कडे यांसारखा मूळ आकार. जमिनीवर नवा प्रिम काढला की प्लायवूडसारखी नक्षी असलेला अर्ध्या मीटरचा ठोकळा समोर येतो आणि त्याला ताणून, कापून, पिळून, पोकळ करून वस्तू घडवायची असते. २०११पासून ब्लेंडरसारख्या प्रणालीत केलेले ‘मेश’ आकार आणता येऊ लागले आणि बहुतेक मंडळी तिकडे वळली. मेश अधिक रेखीव होते यात शंका नाही. मात्र प्रिममध्ये काम करताना वस्तू त्या जगातच, इतरांच्या डोळ्यांदेखत, हाताखाली आकार घेते. अंगणात बसून कामट्या बांधण्याचा आणि खळीने कागद चिकटवण्याचा जो आनंद असतो, त्याच्या अधिक जवळ जाणारी हीच पद्धत आहे.

आधी बाजूंचे पाहू. प्रत्येक बाजू स्वतंत्रपणे फिरवून डोळ्यांच्या अंदाजाने जुळवायला गेलात तर ती कधीच जुळणार नाही. कंदिलाच्या बरोबर मध्यावर एक बारीक गोल ठेवा. एक बाजू करा, ती अंतर मोजून त्याच्यापासून योग्य जागी ठेवा, आणि मग दोन्ही एकत्र निवडून ‘लिंक’ करा. निवडताना गोल शेवटी निवडा, कारण शेवटी निवडलेला प्रिम ‘रूट’ होतो आणि जोडलेली वस्तू रूटभोवती फिरते. आता त्या जोडीची प्रत काढा, प्रत मूळ जागीच येईल असे स्थानाचे आकडे भरा, आणि फिरण्याच्या रकान्यात ४५ अंश लिहा. पुढची ९०, त्यापुढची १३५, असे करत आठ बाजू पूर्ण होतील. नंतर लिंक सोडवून जादा गोल काढून टाका. माउसने ओढण्याऐवजी आकडे लिहिण्याची सवय लावून घ्या, हाच यातला खरा धडा आहे.

कडा लुकलुकतात याचे कारण असे, की दोन पृष्ठभाग अगदी एकाच पातळीवर आले की पुढे कोणता आहे हे संगणकाला ठरवता येत नाही आणि क्षणात एक, क्षणात दुसरा दाखवला जातो. कामटीचा प्रिम कागदाच्या प्रिमपेक्षा एक सेंटीमीटर पुढे काढा, लुकलुक थांबेल. खऱ्या कंदिलातही कामटी कागदाच्या पातळीत नसतेच.

झिरमिळ्यांसाठी तुम्ही ‘फ्लेक्सिबल पाथ’ वापरला असणार, आणि ते योग्यच आहे. लवचीक प्रिमचे खालचे टोक पक्के असते आणि वरचे टोक मोकळे हलते, म्हणून तुमच्या झिरमिळ्या गवतासारख्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पट्टी १८० अंशांनी उलटी करा, म्हणजे पक्के टोक वर कंदिलाला लागेल आणि मोकळे टोक खाली येईल. त्यानंतर ‘ग्रॅव्हिटी’ थोडी वाढवा, ‘विंड’ला लहानसा आकडा द्या आणि ‘टेन्शन’ कमी ठेवा. सर्व पट्ट्यांना एकच आकडे देऊ नका, कारण मग त्या कवायतीसारख्या एका तालात हलतात. दोन-तीन पट्ट्यांची लांबीही किंचित कमी-जास्त ठेवा. घरी कातरीने कापताना तशी ती होतेच.

उजेडाचे गणित थोडे वेगळे आहे. प्रिमला ‘लाइट’ दिला की तो आजूबाजूच्या वस्तूंवर उजेड टाकतो, परंतु कागदातून झिरपणारा प्रकाश त्याने दिसत नाही. त्यासाठी कागदाच्या पृष्ठभागाला ‘फुल ब्राइट’ द्या, म्हणजे तो रात्रीही काळवंडणार नाही, आणि वर अगदी अल्प ‘ग्लो’ द्या. ग्लो जास्त झाला की कंदील ट्यूबलाइटसारखा दिसतो. नवशिक्यांच्या कामात हा दोष हमखास आढळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागदाचे चित्र स्वतः तयार करा. खरा पतंगी कागद खिडकीच्या काचेवर चिकटवा, मागून ऊन येत असताना त्याचा फोटो काढा आणि तोच पृष्ठभागावर लावा. कागदातले धागे, सुरकुती, खळीचा डाग हे सारे त्यात येऊ द्या. कंदील पूर्ण झाला की तो अवताराच्या हातात देऊन पाहू नका. एका घराच्या ओसरीवर टांगा आणि पन्नास मीटरांवरून चालत त्याच्याकडे या. लांबून आधी उजेड दिसावा, मग रंग, आणि जवळ आल्यावर झिरमिळ्या. या क्रमाने तो दिसला तर काम जमले असे समजा.

प्रश्न : यासाठी महागडा संगणक लागतो का? आणि पैसे किती मोडतात?
(एक वाचक, सोलापूर)

खाते उघडायला आणि हिंडायला पैसे लागत नाहीत. वस्तू बनवण्यासाठी ‘सँडबॉक्स’ नावाच्या सार्वजनिक मोकळ्या जागा आहेत, तिथे कोणीही काम करू शकतो. मात्र ठरावीक तासांनी तिथल्या वस्तू आपोआप तुमच्याकडे परत पाठवल्या जातात. बाहेरून साधे चित्र चढवण्यासाठी दहा लिंडेन डॉलर द्यावे लागतात. हे तिथले चलन आहे आणि एका अमेरिकी डॉलरला असे अडीचशेच्या आसपास मिळतात, त्यामुळे तो खर्च नगण्य आहे. खरा खर्च कायमची जमीन घेण्याचा, आणि सुरुवातीला तिची गरज नाही. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर उत्तम. नसेल तर ‘ड्रॉ डिस्टन्स’ ६४ मीटरांवर आणा, दूरचे दिसणार नाही, परंतु चालणे सुरळीत होईल.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. तिथे केलेल्या कामाला माझे खरे नाव द्यावे, की अवताराचे?
(एक वाचक, पुणे)

अवताराचे नाव देण्यात कमीपणा मुळीच नाही. ‘ब्रिन ओ’ या नावाने अनेक वर्षे गंभीर, कथात्मक काम करणाऱ्या कॅनडातील कलावंताची ओळख त्या नावानेच झाली आहे. हक्कांचे म्हणाल, तर घडवणाऱ्याच्या निर्मितीवर त्याचाच बौद्धिक हक्क राहील, अशी भूमिका लिंडेन लॅबने नोव्हेंबर २००३मध्येच जाहीर केली. प्रत्येक वस्तूवर तिच्या कर्त्याचे अवतारनाम आपोआप नोंदले जाते आणि ते दुसऱ्या कोणाला बदलता येत नाही. फक्त ते खाते तुमचे आहे याचा पुरावा, म्हणजे नोंदणीचा ईमेल, मूळ चित्रे आणि तारखा, स्वतःजवळ नीट जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर मी सेकंड लाइफमध्ये एक मांडणी केली होती. स्वयंपाकघर, जाते, पहाटेचा उजेड आणि तिच्या आवाजातल्या ओव्यांचे तुकडे. दीड वर्ष राबले. जमीन भाड्याची होती. मालकाने एके दिवशी न सांगता ती सोडून दिली आणि सगळे गेले. फोल्डरमध्ये काही परत आले आहे, पण उघडायचा धीर होत नाही. अशा ठिकाणी काम करण्यात अर्थ आहे का?
(एक वाचक, लंडनजवळून)

आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. ज्या कामात आजीचा आवाज आहे ते असे एका रात्रीत नाहीसे व्हावे, याचे दुःख ‘आभासीच तर होते’ असे म्हणून कमी होत नाही, आणि तसे म्हणणाऱ्यांचे आपण ऐकू नये.

आधी तातडीचे सांगतो. जमिनीवरून परत आलेल्या वस्तू ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये पुष्कळदा एकाच गाठोड्याच्या रूपात येतात. त्या गाठोड्यात वस्तूंची एकमेकींपासूनची अंतरे कायम असतात, म्हणजे ते उघडले तर आपले स्वयंपाकघर बरेचसे मूळ मांडणीतच उभे राहण्याची शक्यता आहे. म्हणून ते घाईने लहान जागेत उघडू नका. ज्या जमिनीवर तेवढ्या वस्तूंना वाव आहे अशी प्रशस्त, सपाट आणि रिकामी जागा मित्राकडून घ्या, मध्यभागी उभे राहा आणि मग उघडा. सोबत कोणाला तरी घ्या. उघडल्यावर लगेच काहीही हलवू नका. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे आणि चालत जाऊन चित्रफीत घ्या, नंतर प्रत्येक वस्तूला नाव द्या आणि स्वयंपाकघर, जाते, उजेड असे वेगवेगळे गट लिंक करून त्यांच्या प्रती ठेवा.

यापुढील काळजी म्हणून, आपण स्वतः केलेल्या वस्तूंच्या प्रती सेकंड लाइफच्या बाहेरही ठेवा. सेकंड लाइफमध्ये शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फायरस्टॉर्म’ या प्रणालीतून आपल्या स्वतःच्या निर्मिती संगणकावर उतरवता येतात. ‘ओपन सिम्युलेटर’ ही मुक्त प्रणाली घरच्या संगणकावर चालवता येते आणि तिच्यात संपूर्ण रिजन एका फाइलमध्ये साठवता येतो. दुसऱ्यांकडून विकत घेतलेली भांडी किंवा झाडे मात्र परवानगीअभावी अशी नेता येणार नाहीत, तेव्हा मांडणीतल्या ज्या वस्तूंवर सारा अर्थ उभा आहे त्या स्वतःच घडवलेल्या असाव्यात. आपल्या बाबतीत ती वस्तू म्हणजे जाते.

अर्थ आहे का, हा आपला प्रश्न मी टाळत नाही. या जगातले काम टिकेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. कलावंतांना विनामूल्य जमीन देणारा लिंडेन लॅबचा कलानिधी अनेक वर्षे चालला आणि २०१९मध्ये बंद झाला, तेव्हा तिथल्या कितीतरी मांडण्यांची फक्त छायाचित्रे उरली. आरएमबी सिटीही आज चालून पाहता येत नाही. तरीही मला डलॅपचे पुढचे पाऊल महत्त्वाचे वाटते. यात्रा संपल्यावर त्याने आपल्या अवताराच्या आकृतीवरून पुठ्ठ्याचे तुकडे कापले, चिकटवले आणि सतरा फूट उंचीचे गांधीजी प्रत्यक्ष दालनात उभे केले. तिथे घडलेले इकडे आणता येते. आपल्या ओव्यांचे मूळ ध्वनिमुद्रण आपल्याकडे असेल, तर आजच त्याच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. मांडणीसाठी आपण त्याचे तुकडे केले असतील, कारण त्या जगात एका ध्वनीला फार काळ दहा सेकंदांचीच मर्यादा होती. ती आता वाढून तीस सेकंद झाली आहे, म्हणजे दोन ओळींची ओवी न तोडता बसू शकेल.

जमिनीच्या ध्वनिप्रवाहातून पूर्ण मुद्रण वाजवण्याचा मोह होईल, परंतु तो आवाज सगळीकडे सारखाच ऐकू येतो. वस्तूत ठेवलेला आवाज मात्र वस्तूपासून दूर जावे तसा क्षीण होतो, म्हणून ओवी जात्यातच ठेवा. आणि पुन्हा मांडाल तेव्हा जाते दारासमोर ठेवू नका. मधे एक काळोखी खोली असू द्या, म्हणजे येणाऱ्याला आधी कुठून तरी ओवी ऐकू येईल, तो तिच्या मागाने चालत जाईल, आणि जाते त्याला सगळ्यांत शेवटी दिसेल.